एका वर्गात दोन बाई : थायलंडच्या बालवर्गात इंग्रजी शिकवताना

पार्श्वभूमी

हे प्रकरण थायलंडच्या ईशान्य भागातल्या, म्हणजे इसानमधल्या एका खासगी शाळेतलं आहे. शाळा, गाव आणि माणसं ओळखू येतील असे तपशील काढले आहेत. नवी शिक्षिका भारतीय, मराठी बोलणारी, तिशीच्या आतली. हाताशी पदवी, लहान मुलांना इंग्रजी शिकवण्याचा एक ऑनलाइन कोर्स आणि भरपूर हौस. वर्गावर उभं राहायचा अनुभव मात्र जवळजवळ नाहीच. मी बालवर्गाच्या शिक्षकांना प्रशिक्षण देते. तिचा माझा संबंध प्रकरण चिघळल्यावर आला, त्यामुळे आधीचा भाग तिच्याकडून ऐकलेला आहे.

नोकरी एजन्सीमार्फत मिळाली होती. तिकडे हे सर्रास चालतं: शिक्षक एजन्सीच्या पगारावर, वर्ग शाळेचा. नॉन-इमिग्रंट ‘बी’ व्हिसा, वर्क परमिट, खुरुसफा म्हणजे थाई शिक्षक परिषदेची तात्पुरती परवानगी, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या देशातली म्हणून मागितलेले टोइक या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण, वर दर ९० दिवसांनी इमिग्रेशनकडे पत्ता कळवणं. सुरुवातीचे दिवस या कागदांतच गेले. एजन्सीच्या ओळख-सत्रातही कागद, गणवेश आणि रजा एवढंच होतं. वर्गात आपल्यासोबत आणखी कोण असेल आणि तिचं काम काय, याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. माझ्या मते प्रकरणाचं मूळ इथे आहे.

थाई शाळांचं वर्ष मेच्या मध्यावर सुरू होतं. तिच्याकडे आलेला वर्ग ‘अनुबान २’, म्हणजे चार-पाच वर्षांची मुलं, पटावर तीसच्या आसपास. मुलं सकाळी आठला झेंड्यासमोर राष्ट्रगीत म्हणतात, चपला बाहेर काढून वर्गात येतात, जेवण झालं की दात घासतात आणि दुपारी चटयांवर झोपतात. हा सगळा दिवस सांभाळणारी थाई वर्गशिक्षिका वेगळी. तिला आपण थाई बाई म्हणू. तिच्या मदतीला एक मावशी. नवी शिक्षिका रोज एका तासासाठी येणार, इंग्रजी शिकवणार आणि पुढच्या वर्गात जाणार. तेवढा वेळ थाई बाईही वर्गात असणार.

थाई बाई पन्नाशीला टेकलेल्या. त्या वर्गावर कित्येक वर्षं त्याच होत्या आणि इंग्रजीचा परदेशी शिक्षक जवळजवळ दरवर्षी नवा. ही गोष्ट नव्या शिक्षिकेच्या फार उशिरा लक्षात आली.

अडचण

वरवर पाहता तक्रार साधी होती: मुलं इंग्रजी ऐकतच नाहीत. ती एका टोकाला उभी राहून ‘सिट डाउन’ म्हणायची. हाताने खुणाही करायची. पण तीस चेहरे तिच्याकडे न बघता गर्रकन उजवीकडे वळायचे, कारण तिथे कपाटाला टेकून थाई बाई उभ्या असायच्या. त्या म्हणायच्या, ‘नांग लोंग’. मग सगळा वर्ग फतकल मारून बसायचा. ‘स्टँड अप’ला तेच, ‘क्लोज युअर आइज’ला तेच. मुलांच्या दृष्टीने व्यवहार चोख होता. परदेशी बाईंनी काहीतरी आवाज काढला की आपल्या बाई लगेच त्याचा अर्थ सांगतात. मग त्या आवाजाकडे लक्ष कशाला द्यायचं?

तिने कोर्समध्ये टीपीआर, म्हणजे टोटल फिजिकल रिस्पॉन्स, शिकलेलं होतं. सूचना ऐकायची आणि अंगाने ती करून दाखवायची, ही जेम्स अ‍ॅशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात मांडलेली पद्धत. लहानांसाठी ती उत्तम आहे. पण ऐकणं आणि करणं यांच्यामध्ये तिसरा आवाज शिरला की तिच्यात काही उरत नाही.

दुसरी गाठ अक्षरांची. कोर्सप्रमाणे ती फोनिक्स शिकवत होती: स, अ, ट, इ, प, न असे नुसते आवाज. आणि त्याच मुलांकडून दुपारी थाई बाई इंग्रजी अक्षरांची नावं घोकून घेत, वहीत गिरवून घेत. थाई लिपीतली ४४ व्यंजनं तिथली मुलं नावासकट पाठ करतात. ‘को काय’ म्हणजे कोंबडीचा क, ‘खो खाय’ म्हणजे अंड्याचा ख. आपल्याकडच्या ‘क कमळाचा’सारखंच. त्यामुळे नुसता ‘स्स्स’ हा मुलांना अक्षर वाटतच नव्हता, ते हसून सापासारखे वळवळायला लागायचे.

उच्चारांचंही होतं. थाईत शब्दाच्या शेवटी ल किंवा स टिकत नाही, म्हणून ‘बॉल’चा ‘बॉन’ होतो आणि ‘बस’चा ‘बत’. ती प्रत्येक वेळी थांबवून दुरुस्त करायची. चार वर्षांच्या मुलाला हे तीनदा केलं की ते तोंडच मिटून घेतं. एक मुलगी तर पहिल्यापासूनच तोंड मिटून होती. तिच्याबद्दल पुढे येईलच.

लाइन या मेसेजिंग अ‍ॅपवरच्या पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं, या शिक्षिका नक्की कुठल्या देशाच्या? तिकडे इंग्रजीचा शिक्षक गोरा असावा अशी अनेक पालकांची अपेक्षा असते आणि फिलिपिन्सच्या किंवा भारताच्या शिक्षकांना त्याच कामाचा पगारही अनेकदा कमी मिळतो. अन्याय आहेच. पण तिच्या उच्चारांबद्दलचा एक मुद्दा खरा होता. ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ ती एकसारखंच म्हणायची, मराठी माणूस म्हणतो तसं. यावर तिने नंतर मेहनत घेतली. त्या वेळी मात्र या प्रश्नाने ती घाबरली आणि आपण कशा ‘पक्क्या’ आहोत हे दाखवायच्या नादात वर्गात आणखी कडक झाली.

जूनमध्ये एका गुरुवारी शाळेत वाय ख्रू झाला, शिक्षकांना वंदन करण्याचा सोहळा. तबकात वांग्याची फुलं आणि दूर्वा असतात. त्या दिवशी कुठे बसायचं, मुलं गुडघ्यांवर पुढे आली की काय करायचं, हे सगळं थाई बाईंनी तिचा हात धरून दाखवलं. दोघींचं त्या दिवशी छान जमलं होतं. पुढचं वाचताना हे ध्यानात असू द्या.

समोरचे पर्याय

जूनच्या अखेरीस तिच्यापुढे, तिच्या मते, चार वाटा होत्या.

एक, थाई बाईंना भाषांतर बंद करायला सांगायचं. पण स्वतः कसं सांगणार? वयाने त्या मोठ्या, इंग्रजी त्यांना मोडकंतोडकंच यायचं आणि हिला थाई येत नव्हती. दोन, एजन्सीच्या समन्वयकाला सांगून शाळेमार्फत निरोप द्यायचा. तीन, आहे ते चालू द्यायचं आणि मातृदिनाच्या कार्यक्रमासाठी गाणी बसवायची, म्हणजे निदान शाळा खूश. चार, वर्गापुरती थाई शिकायची, म्हणजे भाषांतराची गरजच उरणार नाही.

चौथा पर्याय तिने फार वेळ लागेल म्हणून सोडला. गंमत म्हणजे पुढे तोच अर्धामुर्धा उपयोगी पडला, तोही वेगळ्याच कारणाने. तिसरा तिला कमीपणाचा वाटला. पहिल्याचा धीर झाला नाही.

पाचवा पर्याय यादीत नव्हताच: थाई बाईंना विचारणं की तुम्ही भाषांतर का करता? विचारलं असतं तर कळलं असतं की आधीच्या एका परदेशी शिक्षकाने, मुलांना काहीच कळत नाही आणि तुम्ही नुसत्या उभ्या राहता, अशी कुरकूर वरपर्यंत नेली होती. तेव्हापासून थाई बाई प्रत्येक वाक्य थाईत सांगत होत्या. जे हिला अडथळा वाटत होतं ते त्यांच्या लेखी सहकार्य होतं.

पहिलं पाऊल आणि त्याचे परिणाम

तिने दुसरा पर्याय निवडला. समन्वयकाला मेसेज केला: सहशिक्षिका प्रत्येक वाक्याचं भाषांतर करतात, कृपया त्यांना थांबायला सांगा. मेसेज तसा सौम्य होता. तो समन्वयकाकडून बालविभागाच्या प्रमुखांकडे आणि तिथून थाई बाईंकडे पोहोचेपर्यंत ‘नव्या शिक्षिकेची तुमच्याबद्दल तक्रार आहे’ असा झाला.

थाई बाई एक शब्दही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी हसून नमस्कार केला, वह्यांचा गठ्ठा घेतला आणि मागच्या कोपऱ्यात तपासत बसल्या. भाषांतर थांबलं. त्याबरोबर बाकीचंही सगळं थांबलं. कुठलं मूल झोपेला आलंय आणि कुणाला शूला जायचंय, कोणत्या दोघांना शेजारी बसवलं की मारामारी ठरलेली, हे सगळं त्यांना लांबून कळायचं. हिला काहीच कळत नव्हतं. पंधरा मिनिटांत एक मुलगा दाराबाहेर पळाला, दोघं खिडकीत चढले. मावशी धावत आल्या. थाई बाईंनी मान वर केली, पण उठल्या नाहीत.

इथे निर्णयाची जागा होती आणि ती हातची गेली. त्या दिवशी संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसायला हवं होतं. तिने त्याऐवजी चित्रांची नवी कार्डं बनवली, बक्षिसाचे स्टिकर आणले, जमिनीवर कार्डं पसरून त्यांवर उड्या मारायचा खेळ आणला. वर्गात काहीतरी बिनसलं की नवा शिक्षक साहित्य बदलतो. हे मी इतक्या जणांत पाहिलंय की आता मला त्याचा राग येत नाही. पण त्या खेळाच्या दिवशी एक गोष्ट घडली. थाई बाई कोपऱ्यातून उठल्या, जमिनीवरची कार्डं एकेक करून उचलली, फळ्याला चिकटवली आणि परत जाऊन बसल्या. थायलंडमध्ये पाय हा शरीराचा हलका भाग मानतात, पाय रोखून काही दाखवणंही उद्धटपणा समजतात. अक्षरांवर मुलांनी पाय द्यावेत हे त्यांना पाहवलं नसणार. नव्या शिक्षिकेला वाटलं, माझा खेळ मोडला.

मला फोन आला तो त्या रात्री.

दुरुस्ती

मी तिला दोनच गोष्टी सुचवल्या. माफी मागायचीच तर समन्वयकामार्फत नको, कारण ज्या रस्त्याने गोष्ट बिघडली त्याच रस्त्याने ती परत पाठवली तर आणखी बिघडते. आणि थाई बाईंकडे काहीतरी मागायला जा, सांगायला नको. काय मागायचं ते तिने स्वतः शोधलं. ते माझ्या डोक्यातही आलं नसतं.

तिने ‘को काय’ शिकवा म्हणून विनंती केली. दुपारी झोपेनंतर मुलांची थाई अक्षरं होतात, त्या वेळी ती मुलांच्या इवल्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसायला लागली. थाईत पाच सूर आहेत. तिचा सूर चुकला की मुलं खिदळायची आणि सगळी मिळून तिला दुरुस्त करायची. थाई बाईही हसल्या. मग त्यांनी तिच्या वहीत पेन्सिलने अक्षरं काढून दिली, तिनं गिरवली. ती त्यांना आधी ‘मिस’ म्हणायची. आता बाकीच्या तरुण शिक्षिकांसारखी ‘फी’ म्हणू लागली, म्हणजे आपलं ताईच.

थाई शिकणं हा यातला खरा फायदा नव्हे. या तासांत तिला थाई बाई शिकवताना दिसल्या. त्या एक अक्षर घेत, त्याची ओळखीची वस्तू घेत, हाताची एक खूण करत आणि चुकीचा उच्चार ऐकू आला तरी मुलाला थांबवत नसत, स्वतः नीट म्हणून पुढे जात. ‘बॉन’ म्हणणाऱ्या मुलाला ‘हो, बॉल, लाल बॉल’ एवढंच म्हणायचं, हे तिने तिथून उचललं.

मग दोघी बसल्या. मोबाइलवरचं भाषांतराचं अ‍ॅप मध्ये ठेवून. ठरलं ते असं: नव्या खेळाचे नियम आणि धोक्याच्या सूचना थाई बाई सुरुवातीलाच थाईत सांगतील. पण रोजच्या सूचना, म्हणजे बसा, उठा, रांग करा, हात धुवा, फक्त इंग्रजीत, आणि त्या दिल्यावर थाई बाई मनात पाचपर्यंत मोजतील. तेवढ्यात एकाही मुलाने केलं नाही तर स्वतः करून दाखवतील, बोलणार नाहीत. भाषांतर बंद झालं नाही, त्याची जागा ठरली.

आणखी दोन कल्पना थाई बाईंच्याच. इंग्रजी अक्षरांना थाईसारखी एकेक ठरलेली वस्तू जोडायची, नाव आणि आवाज दोन्ही एकाच ओळीत म्हणायचे, म्हणजे सकाळची आणि दुपारची शिकवण भांडणार नाही. फोनिक्सवाले नाक मुरडतील. मुरडू देत. दुसरी कल्पना टोपणनावांची. थाई मुलांना घरी-शाळेत टोपणनावानेच हाक मारतात आणि त्यांतली बरीच इंग्रजी शब्द असतात. या वर्गात आइस, मिंट, बॉस आणि गोल्फ बसलेच होते. ‘आइस’चं कार्ड वर धरलं की सगळा वर्ग त्या मुलाकडे बोट दाखवायचा आणि तो ऐटीत उभा राहायचा. इतके दिवस ही शब्दसंपत्ती समोर बसलेली होती.

मातृदिनाचं गाणं

थायलंडमध्ये मातृदिन १२ ऑगस्टला असतो, राणी सिरिकित यांच्या जन्मदिवशी. १९७६ पासून ही तारीख ठरली आहे. शाळांमध्ये आया रांगेने खुर्च्यांवर बसतात, मुलं त्यांच्या पाया पडतात, मोगऱ्याचे हार देतात. खासगी शाळेत त्याला जोडून इंग्रजी गाणं हवंच असतं, कारण पालक तेच व्हिडिओत घेऊन जातात. शाळेने दोन गाणी, नाचासकट मागितली होती.

पाठ केलेलं गाणं म्हणजे इंग्रजी येणं नव्हे, हे तिचं म्हणणं बरोबर होतं. पण यावर लढाई लढायची का? तिने नाही ठरवलं, आणि मला तो निर्णय पटतो. थाई बाईंनी प्रमुखांना सांगून दोनाचं एक गाणं करून घेतलं. परदेशी शिक्षिकेने तेच मागितलं असतं तर ते नखरे ठरले असते. गाणं तिने स्वतः जुळवलं, वर्गातल्या सूचनांचंच: उभे राहा, फिरा, हात पुढे करा. शेवटी ‘आय लव्ह यू, मम्मी’ अशी ओळ.

ती ओळ थाई बाईंनी थांबवली. इसानमधली पुष्कळ माणसं कामासाठी बँकॉकला असतात आणि मुलं आजी-आजोबांकडे वाढतात. या वर्गातही निम्म्याच्या आसपास मुलांच्या आया त्या दिवशी येणार नव्हत्या, खुर्चीवर आजी बसणार होत्या. न बोलणारी मुलगीही त्यांतलीच. ओळीतून ‘मम्मी’ गेली, ‘आय लव्ह यू’ राहिलं. खुर्चीत जो असेल त्याच्याकडे बघून म्हणायचं. वर्गाबाहेरून येणाऱ्या माणसाला हे कळणं शक्य नव्हतं आणि कुठलाही कोर्स ते शिकवत नाही.

निष्पत्ती

कार्यक्रम बरा झाला. पहिल्या रांगेतल्या एकाने मध्येच रडायला सुरुवात केली, बाकीच्यांनी गाणं पूर्ण केलं. लाइन ग्रुपवर व्हिडिओ गेले आणि देशाची चौकशी पुन्हा कुणी केली नाही.

ऑक्टोबरच्या सुट्टीपर्यंत रोजच्या सूचना मुलं थाईशिवाय पाळू लागली होती. बोलणं अजून शब्दा-दोन शब्दांचंच. या वयात, दिवसाला एका तासात, त्याहून जास्त कुणी कबूल करत असेल तर विश्वास ठेवू नये. शेवटचा ल बहुतेकांना आलेला नव्हता आणि त्याने काही बिघडलंही नव्हतं.

न बोलणाऱ्या मुलीला तिने सुरुवातीला उभं करून बोलायला लावायचा प्रयत्न केला होता. नंतर थाई बाईंच्या सांगण्यावरून सोडून दिलं. नवी भाषा कानावर पडायला लागल्यावर मुलं बराच काळ नुसती ऐकत राहतात, याला मौनकाळ म्हणतात. ती वर्गात वर्षभर बोलली नाही. पण जेवणाआधीच्या रांगेत ती पुढच्या मुलांना ‘वॉश हँड्स’ असं दटावते, हे मावशींनी येऊन सांगितलं. वर्षअखेरीच्या नोंदवहीत ‘बोलणे’ या रकान्यात तिला कमी श्रेणी द्यायची की नाही यावर दोघींनी बरीच चर्चा केली आणि शेवटी मावशींनी जे ऐकलं होतं ते धरून श्रेणी दिली.

मार्चमध्ये नव्या शिक्षिकेचा करार संपला. तो दहा महिन्यांचा होता, सुट्टीच्या महिन्यांचा पगार नाही. एजन्सींच्या करारांत हे नेहमीचं. पुढच्या वर्षासाठी विचारणा झाली, पण तिने बाराही महिने पगार देणारी शाळा पाहिली. थाई बाईंकडे पुढच्या मेमध्ये पुन्हा नवा चेहरा आला.

वेगळं काय करता आलं असतं

समन्वयकाला पाठवलेल्या मेसेजबद्दल तिचं आणि माझं आजही जुळत नाही. तिचं म्हणणं, त्या धक्क्याशिवाय काही हललंच नसतं. मला ते पटत नाही. वाय ख्रूच्या दिवशी दोघींचं जमलं होतं. त्यानंतरच्या आठवड्यात ‘मला शिकवाल का’ असं विचारलं असतं तर जुलैचे वाया गेलेले दिवस वाचले असते. पण ती म्हणते तेही अगदीच चूक नाही. तक्रार झाली म्हणून तर आधीच्या शिक्षकाची हकीकत बाहेर आली. ज्या ठिकाणी मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत आणि त्यालाही तोंडावर नाही म्हणवत नाही, तिथे माहिती आपणहून चालत येत नाही.

तिने पहिल्या आठवड्यात शिकवायलाच नको होतं, हे मात्र आम्हा दोघींना मान्य आहे. मागे बसून थाई बाईंचा अख्खा दिवस पाहायला हवा होता, झोपेपर्यंत. शाळा बहुधा हो म्हणाली असती. आठवडाभर परदेशी बाई वर्गात बसलेल्या दिसल्या तरी पालकांना दाखवायच्या फोटोंचं काम भागलं असतं.

थाई बाईंचं काय? त्यांनी वर्ग हातातून जाताना पाहिला आणि कोपऱ्यातून उठल्या नाहीत. मुलं खिडकीत चढत होती, तेव्हा तरी उठायला हवं होतं. हे मी नव्या शिक्षिकेला सांगितलं तेव्हा ती थाई बाईंचीच बाजू घेऊन माझ्याशी भांडली.

मोठी जबाबदारी एजन्सीची आणि शाळेची. ओळख-सत्रात दोघींना तासभर एकत्र बसवून, भाषांतर कुठे करायचं, शिस्त कुणी लावायची, अक्षरं कोणत्या पद्धतीने शिकवायची एवढं ठरवून घेतलं असतं तरी पुरे होतं. जाताना नव्या शिक्षिकेने पुढच्या माणसासाठी दोन पानं लिहून ठेवली. एक इंग्रजीत, दुसरं थाई बाईंनी थाईत. एजन्सीकडे असा कागद ठेवायची सोय नव्हती, म्हणून तो थाई बाईंच्या कपाटात आहे. नव्या चेहऱ्याला तो दाखवायचा की आधी आठवडाभर त्याला पारखायचं, हे त्याच ठरवणार आहेत.